हट्टीचं मेलेलं बी

१

हट्टी मेली होती. एकूण एक दाणा.

ओल्या कागदाची गुंडाळी उलगडायच्या आधीच मला कळलं, वासावरून. सोयाबीन उगवत असलं की कोवळ्या काकडीसारखा वास येतो. हा वास बादलीत विसरलेल्या ओल्या फडक्याचा होता. दाणे फुगून बुळबुळीत झालेले, बोट लावलं की साल निघून हाताला चिकटायची. कोंब म्हणून औषधालाही नाही.

मी बियाणं तपासनीस. बी शेतात जायच्या आधी माझ्या टेबलावरून जातं, आणि मी पास म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही. लोक तोंडावर मला बाई म्हणतात आणि पाठ वळली की कटकट म्हणतात. म्हणोत बापडे. मेलेलं बी मी जन्मभर पाहिलंय. पावसात भिजलेलं, मळणीत ठेचलेलं, लोभापायी नव्यात जुनं मिसळलेलं. नापासाचा शिक्का मारायचा, हात धुवायचे आणि घरी जायचं. त्यात डोळ्यांत पाणी आणण्यासारखं काही नसतं.

पण हे पाकीट ताईंचं होतं.

ताई म्हणजे पैदास केंद्रातल्या मुख्य शास्त्रज्ञ. सगळं केंद्र त्यांना ताईच म्हणतं, त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. पाऊस ताणला तरी तग धरणारं सोयाबीन काढायचं, हे एकच काम त्यांनी तरुणपणापासून केलं. चिमट्यानं कळी उघडायची, दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, आलेल्या बियांतून चांगली झाडं निवडायची, ती पेरून पुन्हा निवडायची. वर्षानुवर्षं हेच. त्यातून शेवटी ही एक हाताला लागली. कोरड्या वाफ्यात बाकीची झाडं माना टाकायची तेव्हा ही ताठ उभी राहायची, म्हणून तिचं नाव हट्टी. या हंगामात ती पहिल्यांदाच बाहेर, दूरदूरच्या शेतांवर चाचणीला जाणार होती. तिथे टिकली की वाण म्हणून मान्यता मिळणार होती. आणि ताई याच वर्षी निवृत्त होत होत्या.

"पुन्हा लावून बघा ना," त्या फोनवर म्हणाल्या.

"बघितलं, ताई. दोन्ही वेळेला तेच."

"थंड खोलीत काही बिघडलं असेल."

घोडं तिथेच पेंड खात होतं. त्याच थंड खोलीतून, त्याच खोक्यातून त्यांच्या इतर वाणांची पाकिटं आली होती, आणि ती टरारून उगवली होती. सगळ्या घरानं एकच भाजी खाल्ली आणि एकच माणूस आजारी पडलं, तर दोष भाजीचा नसतो.

"खोली ठीक आहे," मी म्हटलं. "हे बी आपोआप मेलेलं नाही, ताई. कुणीतरी मारलंय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "मग या तुम्ही. आणि कोण ते मला सांगा."

२

आठवड्यानं मी केंद्रात गेले तेव्हा तिथले साहेब मला पाहून खूश झाले नाहीत. मला पाहून कुणीच होत नाही.

"पोलिसांना बोलवायचं म्हणालो तर ते हसतील," साहेब म्हणाले. "काय चोरीला गेलं विचारतील. मी काय सांगू, उगवणशक्ती?"

"हट्टी चाचणीला गेली नाही तर तुमचं काय होतं?"

"केंद्र बंद. आदेश तयार आहे, तारीख तेवढी घालायची राहिलीय. ही जागा गोदामांना द्यायचीय." त्यांनी टेबलावरच्या काचेवर बोट फिरवलं. "माझी बदली मोठ्या शहरात होईल. बायको आत्तापासूनच घरं बघतेय. खोटं कशाला बोलू, बाई, मला वाईट वाटेल ते ताईंपुरतं."

इतका सरळ माणूस बी मारायच्या भानगडीत पडणार नाही, असं मला वाटलं. आळशी माणसं सहसा गुन्हा करत नाहीत. ती तारखेची वाट बघतात.

थंड खोलीचा भांडारपाल मात्र पाचावर धारण बसल्यासारखा उभा होता. किल्ली कमरेला नाडीनं बांधलेली. त्याला सगळे कुलूप म्हणतात.

"हट्टीचं सगळं बी एकाच पिशवीत होतं?"

"होतंच तेवढं, बाई. गेल्या हंगामात पीक थोडं आलं."

"पिशवी कधी बाहेर निघाली?"

"एकदाच. उन्हाळ्यात गार करायचं यंत्र बंद पडलं, तेव्हा सगळ्या पिशव्या व्हरांड्यात काढल्या. दुरुस्ती लांबली. सगळं केंद्र तिथून येत-जात होतं. मग चिठ्ठ्या बघून एकेक पिशवी मी स्वतः आत ठेवली. नंतर एकदा यंत्रात गॅस भरायला दार उघडलं, तेवढंच."

"चिठ्ठ्या बघितल्यास. आतले दाणे बघितलेस?"

"पिशवीचं तोंड शिवलेलं असतं, बाई. मी काय दाण्याला नाव विचारू?"

म्हणजे व्हरांड्यात कुणी दुसरी पिशवी त्या चिठ्ठीनिशी ठेवली असती, तरी हा पठ्ठ्या ती मोजून, सांभाळून आत ठेवणार. आणि पुन्हा दार उघडलं तेव्हा खरी पिशवी, मेलेली, परत जागेवर. कुलूप भला माणूस होता, पण त्याच्या भलेपणानं तपास इंचभरही पुढे सरकला नाही.

उरला नवा. नवा म्हणजे ताईंच्या हाताखालचा शास्त्रज्ञ. केंद्रात येऊन त्याचे केस पांढरे व्हायला लागले तरी त्याचं नाव नवाच राहिलं. त्याच्याच प्रयोगशाळेत मी हट्टीचे थोडे दाणे दळायला घेतले. तो हाताची घडी घालून बघत राहिला.

"भट्टीत भाजलंय का बघताय?"

"हो."

परीक्षा सोपी आहे, पशुखाद्यवाले रोज करतात. युरिया आणि रंगद्रव्य घातलेल्या पिवळसर पाण्यात सोयाबीनचं पीठ टाकायचं. दाणा कच्चा असेल तर पाणी गुलाबी होतं. शिजलेला असेल तर पिवळंच राहतं. आमच्या डोळ्यांदेखत पाणी छान गुलाबी झालं.

"म्हणजे उष्णतेनं नाही," तो म्हणाला.

"शिजवलेलं नाही, कुजवलंय. दमट उबेत कित्येक आठवडे टांगून ठेवलं की सोयाबीन आतल्या आत म्हातारं होतं आणि मरतं. वरून दिसायला जवळपास तसंच राहतं. ज्यानं केलं त्याला घाई नव्हती." मी नळी खाली ठेवली. "तुमचं आणि ताईंचं पटत नाही, असं ऐकलं."

"कोण म्हणालं? पटतं." मग तो उसळलाच. "मठ्ठ नावाचा एक वाण होता. सगळं उशिरा करायचा. फुलणं उशिरा, पिकणं उशिरा, आणि कोरडं पडल्यावर सुकणंही उशिरा. दर वर्षी हट्टीच्या पाठोपाठ दुसरा. मी हातापाया पडलो, ताई, हाही ठेवू या. त्या म्हणाल्या, एकालाच पुढे न्यायची सोय आहे, पहिला असताना दुसरा कशाला? टाकून दिला. त्याचा राग आहे मला. आजही आहे. पण म्हणून मी हट्टी मारीन? इतका हलकट वाटतो मी तुम्हाला?"

"मला सगळेच वाटतात, पोटापाण्याचा धंदा आहे माझा. एवढंच सांगा, दमट, उबदार आणि कुणी फिरकत नाही, अशी जागा या केंद्रात कुठे आहे?"

त्याचा चेहरा उतरला.

"माझं काचघर," तो म्हणाला.

३

संध्याकाळी ताईंनी मला कोरडा वाफा दाखवला. मी नको म्हणत होते, माझा गुडघा शेतात कुरकुर करतो. पण त्यांना कुणालातरी दाखवायचंच होतं.

वाफ्याच्या दोन्ही बाजूंना रूळ होते आणि त्यांवर चाकाचं छप्पर. पाऊस आला की छप्पर वाफ्यावर ओढायचं, गेला की मागे. म्हणजे झाडांना थेंबही मिळू नये. गेल्या हंगामाचं पीक कधीच काढून झालं होतं, नुसती खुंटं उरली होती.

"इथे फक्त आकडे लावते मी, नावं नाही," ताई म्हणाल्या. "कुठल्या आकड्याला कोण, ते माझ्या एकटीच्या डोक्यात असतं. नाहीतर माणसं आवडत्याला झुकतं माप देतात."

"पण हट्टी ओळखू येतच असेल की. पानं अरुंद आहेत ना तिची?"

"अगदी भाल्यासारखी," त्या कौतुकानं म्हणाल्या. स्वतःच्या मुलीचं नाक सांगावं तसं.

हट्टीच्या ओळी वाफ्यात इकडे-तिकडे विखुरलेल्या होत्या, ताई त्या दाखवत गेल्या. पहिल्या ओळीतून चालताना माझ्या चपलेखाली काहीतरी कुरकुरलं. बघितलं तर बारीक पांढरे शंख, गोगलगाईंचे, आणि मातीवर वाळलेल्या शेवाळाची काळपट पापडी. पुढच्या ओळीत काही नव्हतं. आणखी पुढे हट्टीची ओळ आली आणि पुन्हा कुरकुर. मी मनात शिव्या दिल्या, कारण चप्पल नवी होती.

ताईंनी एक खुंट उपटून माझ्या हातात दिलं. मुळं वरच्या वर पसरलेली, त्यांवर टपोऱ्या गाठी.

"मुळं खोल नाहीत," मी म्हटलं.

"तीच तर गंमत! सगळे म्हणतात दुष्काळात खोल मुळं हवीत. ही वरवर राहूनच तग धरते. दवावर जगत असेल. मला यावर लिहायचं होतं निवृत्त झाल्यावर." मग त्यांना आठवलं आणि त्यांनी खुंट हळूच जमिनीवर ठेवलं.

घर केंद्राच्या आवारातच होतं, दोन खोल्यांचं. त्यांचे मोठे भाऊ चहा करत होते. त्यांनाही सगळे दादाच म्हणतात. केंद्राचे जुने पंपवाले. पंप, रुळांवरचं छप्पर, गार करायचं यंत्र, जे जे कुरकुरतं ते दादांनी दुरुस्त करायचं. बायको फार पूर्वी गेली, तेव्हापासून बहीण-भाऊ एकत्र.

"आई गेली तेव्हा ही एवढीशी होती," कप पुढे करत दादा म्हणाले. "हिच्या वेण्या मी घालायचो. एक वर, एक खाली. शाळेत पोरी हसायच्या, पण हिनं कधी दुसऱ्याला घालू दिल्या नाहीत."

"दादा, पुरे," ताई म्हणाल्या.

घर स्वच्छ आणि अगदी रिकामं होतं. खिडकीत कुंडी नाही, दारात वेल नाही. मी तसं बोलून दाखवलं.

"दिवसभर झाडंच बघते," ताई म्हणाल्या. "घरी तरी भिंती बघू दे."

दाराआड एक झारी होती. तोटीला बारीक रबरी नळी जोडलेली. मी तिच्यावर अडखळले आणि दादांनी ती उचलून मागे नेली. तेव्हा मला फक्त गुडघ्याची काळजी होती.

"पिशवी बघू जरा," मी म्हटलं.

ताईंनी कपाटातून हट्टीची पिशवी आणली, मेलेले दाणे काढून त्यांनी ती घरी ठेवली होती. जाड कापड, चिठ्ठी जागच्या जागी. मी ती उलटी केली, शिवण चाचपली, आणि तळाच्या घडीत बोटाला काहीतरी कडक लागलं. नखानं काढलं. वाळलेल्या चिखलाचा वाटीसारखा कपचा, आतून गुळगुळीत.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"कुंभारीण माशीचं घर. अर्धं."

कुंभारीण चिखलाचं घर बांधते ते उबेत, आडोशाला, जिथे कुणी हलवाहलव करत नाही तिथे. थंड खोलीत ती गारठून मरेल. नव्याच्या काचघराला दुहेरी जाळी, तिथे चिलटसुद्धा शिरलं तर तो दिवसभर जेवत नाही. त्याचं काचघर सुटलं.

"उरलेलं अर्धं जिथे असेल," मी म्हटलं, "तिथे हट्टी मेली."

दादांनी कप खाली ठेवला. "पंप बघून येतो," म्हणाले, आणि चहा तसाच टाकून निघून गेले.

४

पंपघर आवाराच्या टोकाला होतं. दार उघडंच होतं.

आत जाताच चष्म्यावर वाफ धरली. जमिनीवर गळतीचं पाणी आणि चिखल, इंजिनाची ऊब, एकही खिडकी नाही. भिंतीवर कुंभारणींनी घरांची रांगच लावली होती. तुळईला एक आकडा, आणि त्याच्या शेजारी चिकटलेलं एक फुटकं घर. मी तो कपचा तिथे धरून पाहिला. कडेला कड बसली.

दादा इंजिनाच्या चौथऱ्यावर बसले होते. त्यांनी मला थांबवायचा प्रयत्नही केला नाही.

"मीच," ते म्हणाले. "लिहून घ्या. यंत्र दुरुस्तीच्या वेळी पिशवी इथे आणली, तिच्या जागी साध्या दाण्याची ठेवली. गॅस भरताना परत केली. राग आला होता मला. या सोयाबीनपायी हिनं संसार केला नाही, दोन घास सुखानं खाल्ले नाहीत. त्या रागात मारली. झालं?"

"नाही झालं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"रागावलेला माणूस पिशवी चुलीत टाकतो, दादा. तो ती आठवडेच्या आठवडे जपून टांगत नाही आणि होती तशी जागेवर नेऊन ठेवत नाही. ज्यानं हे केलं त्याला वाटत होतं की बी आपोआप मेलं असं दिसावं. लोकांनी हळहळावं आणि सोडून द्यावं. कुणावर आळ येऊ नये, आणि मुख्य म्हणजे चौकशी होऊ नये."

त्यांनी फडक्यानं चौथऱ्यावरचं तेल पुसायला घेतलं.

"बाहेरच्या चाचण्यांना बी जायच्या आधीच ते मेलं. म्हणजे बाहेर गेल्यावर काय होईल ते कुणालातरी ठाऊक होतं." बोलता बोलता माझ्याच डोक्यात एकेक गोष्ट जाग्यावर बसत होती. "कोरड्या वाफ्यात गोगलगाई कुठून आल्या, दादा? शेवाळ कुठून आलं? तेही फक्त हट्टीच्या ओळींत? पाणी वरच्या वर मिळालं की मुळं खोल जात नाहीत, ती कशाला जातील? आणि ज्या घरात एक कुंडी नाही, त्या घरात झारी कशाला?"

इंजिन बंद होतं. कुठेतरी पाणी टपटपत होतं.

"नळी लावलीत, म्हणजे पानांवर चिखल उडू नये. अरुंद पानावरून ओळखायचात. दादा, पाणी कधीपासून घालत होतात?"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

५

"त्या वर्षी सगळं वाळलं होतं," ते म्हणाले. "त्याच्या आदल्या वर्षीही. ती वाफ्याच्या कडेला बसायची, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायची. जेवायची नाही. मला म्हणाली, दादा, माझ्या हातून काही होणार नाही. लहानपणी रडायची तर मी खाऊ देऊन गप्प करायचो. आता काय देणार? मी पंपवाला. माझ्याकडे पाणीच होतं."

"आणि हट्टीच का?"

"पान छान होतं. ओळखता यायचं." ते स्वतःशीच मान हलवत राहिले. "मला वाटलं, एकदाच. तिला जरा धीर येईल, मग ती खरं काहीतरी काढेल. सकाळी छप्पर ढकलायला जायचो तेव्हा घातलं थोडं. तर ती आनंदानं धावत घरी आली, बाई. दादा, एक उभी आहे, म्हणाली. मला मिठी मारली तिनं. आता पुढच्या वर्षी कसं थांबवू? थांबवलं असतं तर हट्टी वाळली असती आणि तिला कळलं असतं."

"म्हणून दर वर्षी."

"दर वर्षी. मग बाहेर पाठवायचं ठरलं. तिकडे कोण पाणी घालणार? सगळ्यांसमोर मान टाकली असती हट्टीनं. लोक म्हणाले असते, बाईनं खोटे आकडे दिले. जन्मभराची अब्रू गेली असती. मेलेल्या बियाण्याचं दुःख होतं माणसाला, पण त्याची लाज वाटत नाही."

मला संताप यायला हवा होता. माझा राग नाकावर असतो, सगळ्यांना माहीत आहे. पण मला नुसतं खाली बसावंसं वाटलं, आणि तिथे बसायला कोरडी जागा नव्हती.

"तिला सांगा मी मारली," दादांनी माझे हात धरले. "रागानं मारली सांगा, वेड लागलं होतं सांगा, बोलायची बंद झाली तरी चालेल मला. पण पाण्याचं सांगू नका. पाया पडतो तुमच्या."

मी हात सोडवून घेतले आणि निघाले. सांगणार नाही, असं मी म्हटलं नाही, पण मनात ठरवत आले होते. कशाला सांगायचं? केंद्र बंद होणारच होतं. ताई घरी बसणार होत्या. एक दुःख पुरे होतं त्यांना.

वाटेत नवा भेटला. माझ्या चेहऱ्यावरून त्याला काय कळलं कोण जाणे, त्यानं काहीच विचारलं नाही. मीच विचारलं.

"मठ्ठचं बी कुठे उरलंय?"

"का?"

"उत्तर द्या हो."

"कुठेच नाही. टाकलेलं बी आम्ही पशुखाद्याला देतो. भरडलं गेलं. कोंबड्यांनी खाल्लं." तो हसायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. "बाई, हट्टीत काही खोट निघाली का?"

मी उत्तर दिलं नाही. त्याला ते पुरलं. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला. चष्मा स्वच्छ होता.

मी घराशी पोहोचायच्या आत दार उघडून ताईच बाहेर आल्या, जवळजवळ पळत. हातात मातीचा पसरट ट्रे होता.

"बघा!" त्या म्हणाल्या. "बघा तरी!"

ट्रेमध्ये हिरवे कोंब उभे होते.

६

"माझ्या खोलीतल्या नमुन्याच्या बाटलीत मूठभर दाणे होते," त्यांना दम लागला होता. "पाहुण्यांना दाखवायला ठेवलेले. कुलूपला ठाऊक नाही, मलाही आधी आठवलं नव्हतं. तुम्ही फोन केलात त्या दिवशी आठवलं, तेव्हाच लावून ट्रे मागच्या अंगणात ठेवला, आत्ता जाऊन बघितला. बाकीचे कुजले, पण हे थोडे वर आलेत. हट्टी आहे ही, बाई! निवृत्त झाले तरी मागच्या अंगणात वाढवीन. वर्षाला थोडं थोडं. पाच-सात वर्षांत पुन्हा पोतंभर होईल. मला दुसरं काय काम आहे?"

त्यांचा चेहरा उजळला होता. पाच-सात वर्षं. त्यांच्या वयाला. आणि मागच्या अंगणात रोज सकाळी दादा झारी घेऊन उभे.

"ताई, आत चला," मी म्हटलं.

"कोण ते कळलं का?"

"आत चला."

मी सांगितलं. दादांनी मला पाया पडून अडवलं होतं आणि तरीही मी सांगितलं. दुसरं काही सुचलं असतं तर केलं असतं, पण त्या ट्रेकडे बघून मला सुचलं नाही. ताई खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या, ट्रे मांडीवर. शंखांचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. झारीचं सांगितलं तेव्हा उघडले.

"मुळं वरवरची होती," शेवटी त्या म्हणाल्या. "मला दिसत होतं. पहिल्याच वर्षी दिसलं होतं. माझ्या हाताखालच्या पोरानं असं दाखवलं असतं तर मी त्याला वाफ्यात उभं करून विचारलं असतं, पाणी कुठून आलं? मी स्वतःला विचारलंच नाही. दवावर जगते म्हणे!"

त्या हसल्या, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं.

"मठ्ठ," त्या म्हणाल्या. "दर वर्षी दुसरा होता. पाण्याशिवाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काही उरलंय का त्याचं?"

"नाही."

"विचारलंत तुम्ही?"

"विचारलं, ताई. नाही उरलं."

त्यांनी मान हलवली. त्या रडतील, असं मला वाटत होतं. माणूस रडलं की दुसऱ्याला निदान पाठीवर हात ठेवता येतो. पण त्या रडल्या नाहीत. ट्रेमधला एक कोंब वाकला होता, तो बोटानं सरळ करत राहिल्या, जन्मभराची सवय.

दारात दादा येऊन उभे होते. कधी आले, कळलं नाही. आत पाऊल टाकायची त्यांची हिंमत होत नव्हती. मोठा माणूस, पांढरे केस, आणि शाळेत उभं केलेल्या पोरासारखा उंबऱ्यापलीकडे उभा.

"बाई, तुम्ही काय लिहिणार?" ताईंनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"साठवणुकीत ओल लागून उगवणशक्ती नष्ट. एवढंच. ते खोटंही नाही."

"लिहा." मग त्यांनी ट्रे उचलून टेबलावर ठेवला, खिडकीच्या मावळत्या उजेडात, आणि कितीतरी वेळानं दाराकडे पाहिलं. त्या काय बोलतील याची मला धडकी भरली होती. आवाज चढवतील, चालता हो म्हणतील, काहीही म्हणतील. त्या अगदी हळू बोलल्या.

"दादा, माती सुकलीय. झारी आण."

ते हलले नाहीत.

"आण की," ताई म्हणाल्या. "घाल पाणी. त्यांना सवय आहे."